दगडातले रांजण पाहायला



आज मला तुमच्याशी फिरण्याबद्दल बोलायचं आहे. बाजाराला जाणं, दवाखान्यात जाणं, लग्नाला जाणं, दहाव्याला जाणं, याला मी फिरणं म्हणत नाही. ती कामं झाली. मी बोलते आहे नुसतं पाहायला म्हणून निघण्याबद्दल. नवरा-बायको, एक मोटारसायकल, दोन दिवस, आणि आपल्याच बाजूचा कोरडा, खडकाळ मुलूख.

मी सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातली. आमच्या बचत गटात अकरा जणी आहोत. एका बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर सहज विषय निघाला, की काही काम नसताना, फक्त पाहायला म्हणून तू शेवटची कुठे गेली होतीस? बराच वेळ कोणी बोलेना. मग एकजण म्हणाली, ‘लग्न झाल्यावर जेजुरीला.’ तिच्या मोठ्या मुलीचं आता बारावीचं वर्ष आहे. सगळ्या हसल्या, पण बहुतेकींचं उत्तर तेच होतं.

का जात नाही आपण? पहिलं उत्तर येतं पैशाचं. पण जरा खोदून विचारलं तर खरं उत्तर वेगळं निघतं. गाईची धार कोण काढील? शेळ्या कोण सोडील? सासूबाईंची संध्याकाळची गोळी कोण देईल? म्हणजे अडतं ते वेळेपाशी. आणि आपल्या जागी उभं राहायला कोणी नसतं, म्हणून वेळ नसतो.

यावर आमच्या गटानं एक तोड काढली. कांद्याच्या लागवडीला आपण सावड करतो ना? आज सगळ्या तुझ्या वावरात, उद्या सगळ्या माझ्या वावरात. पैसा द्यायचा नाही, घ्यायचा नाही, दिवस फेडायचा. तशीच सावड फिरण्याची. मी दोन दिवस गेले तर शेजारीण माझी गाय आणि शेळ्या बघेल. ती गेली की तिचं घर मी बघेन. वहीत हप्त्यांच्या पानामागे आम्ही हे दिवसही लिहितो. पहिली पाळी माझी लागली.

जायचं कुठे? आमच्या ह्यांनी विचारलं, ‘महाबळेश्वर?’ मी म्हटलं, नको. थंड हवेची ठिकाणं सगळेच पाहतात. आपण निघोजचे रांजणखळगे पाहू. पारनेर तालुक्यात, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, कुकडी नदीनं काळ्या खडकात दरी कापली आहे आणि त्या दरीत दगडाचे रांजण कोरले आहेत, एवढं मला शाळेच्या भूगोलामुळे ठाऊक होतं.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘देवाला चालले का?’ म्हटलं, ‘आत्या, मळगंगेचं देऊळ आहे तिथं, दर्शन घेऊच. पण आम्ही दगड पाहायला चाललोय.’ त्यावर त्या म्हणतात, ‘दगड? आपल्या वावरात काय कमी हायेत का?’

बायांनो, त्यांचा प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर मला निघोजला मिळालं, ते पुढे सांगतेच.

आधी तयारीचं सांगते. मोटारसायकल आमची साधीच, शंभर सीसीची. शेतात खताची गोणी वाहते तीच. निघण्याआधी चाकांची हवा, ब्रेक, चेन आणि मागचा दिवा मेकॅनिककडून पाहून घेतला. मागे बसणाऱ्या बाईसाठी तीन गोष्टी गाडीला असायलाच हव्यात: धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाला साडी-जाळी. हे तिन्ही नियमानंच बंधनकारक आहे. जाळी तुटली म्हणून काढून ठेवलेल्या किती गाड्या आपण गावात बघतो. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर काय होतं, हे मी सांगायला नको. जाळी बसवायला फार पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट हेल्मेटची. कायद्यानं ते चालवणाऱ्याला लागतं आणि मागे बसणारीलाही लागतं. रस्ता काही मागे बसणारीचं डोकं वेगळं ठेवत नाही. आम्ही माझ्यासाठी आयएसआय मार्क बघून नवं हेल्मेट घेतलं. गावातून निघताना पोरं हसली. हसू देत.

तिसरी गोष्ट बसण्याची. एका अंगाला दोन्ही पाय टाकून बसलं की लांबच्या पल्ल्यात कंबर भरून येते, आणि वळणावर गाडीचा तोलही जातो. दोन्हीकडे पाय टाकून बसणं चांगलं. मी सलवार-कमीज घातला. पण आमच्या गटातली एक मावशी म्हणाली, ‘आमचं नऊवारी नेसून बघ, कासोटा घातला की घोड्यावरसुद्धा बसता येतं.’ ते अगदी खरं आहे.

माघ महिना होता. पहाटे धार काढून, चहा घेऊन, भाकरी-चटणी बांधून आम्ही निघालो. सिन्नरवरून नाशिक-पुणे रस्त्याला लागलो. नांदूर शिंगोटे गेलं, संगमनेर आलं, प्रवरेचा पूल ओलांडला. मग चंदनापुरीचा घाट. रस्ता रुंद आहे, पण मालट्रका फार. आम्ही डावी बाजू सोडली नाही आणि तासाला एकदा तरी थांबलो. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, हे आधीच ठरवलं होतं. आणखी एक बायकांपुरतं सांगते. वाटेत जागा मिळणार नाही या भीतीनं आपण दिवसभर पाणीच पीत नाही. तसं करू नका. मोठ्या रस्त्यावर पेट्रोल पंपावर थांबा आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते सरळ विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घाट उतरला, घारगावला मुळा नदी लागली. पुढे बोटा, आणि मग आळेखिंड. मागच्या सीटवरून डोंगर बघायला सवड असते. हे गाडी बघत होते, मी मुलूख बघत होते. करड्या टेकड्या, वाळलेलं कुसळी गवत, बाभळी, मधूनच एखादं हिरवं डाळिंबाचं शेत. माझ्या मनात आलं, आपण आतापर्यंत दोन नद्या ओलांडल्या, तिसरी पुढे आहे. प्रवरा रतनगडाजवळ उगम पावते. मुळा हरिश्चंद्रगडाच्या बाजूला. कुकडी नाणेघाटाजवळ, कुकडेश्वराला. तिन्ही नद्या सह्याद्रीच्या माथ्यावरच्या. आपल्या इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो आणि आमच्या पूर्व सिन्नरला पाचशेच्या आसपास. ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि आमच्याकडे नुसती सावली येते. पारनेरचंही तेच. म्हणजे या नद्या पाऊस पडणाऱ्या मुलखाचं पाणी घेऊन पाऊस न पडणाऱ्या मुलखातून जातात.

आळेखिंडीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. खिंडीच्या अलीकडे पडलेला थेंब मुळा-प्रवरेतून गोदावरीला जातो. पलीकडे पडलेला थेंब कुकडीत, कुकडीतून घोडनदीत, तिथून भीमेत आणि शेवटी कृष्णेला जातो. मधे एवढीशी खिंड, पण पाण्याची घरं दोन.

आळ्याला ज्ञानोबांनी वेद म्हणवलेल्या रेड्याची समाधी आहे. तिथं हात जोडले. आळेफाट्यावरून पूर्वेकडे वळलो. बेल्हे, अळकुटी करत दुपारच्या आधी निघोजला पोचलो. गाव मोठं आहे. चैत्र वद्य अष्टमीला मळगंगेची यात्रा भरते आणि बारवेतून घागर वर येते असं मानतात, म्हणून लांबलांबची माणसं जमतात. कुंड गावापासून थोडं पुढे आहे. नदीच्या दोन्ही काठांना देवीची देवळं. या काठाला निघोज, पारनेर तालुका. त्या काठाला टाकळी हाजी, तो शिरूर तालुका, पुणे जिल्हा.

देवळाजवळ गाडी लावली. चार पावलं पुढे गेलो आणि जमीन फाटली.

सपाट माळावर चालता चालता एकदम पायाखाली काळी दरी. वरून पाहिलं तर नदी दिसतच नाही, नुसता खडक दिसतो. मग खाली बघितलं की अरुंद भेगेत हिरवट-काळं पाणी. आणि त्या खडकात खड्डे. खड्डे म्हणजे रस्त्यावरचे नव्हेत. गोल, गुळगुळीत, आतून घासून घोटलेले. काही वाटीएवढे, काही उखळाएवढे, काही रांजणाएवढे, तर काही दोन परस खोल. एकाच्या पोटात दुसरा, दोन शेजारच्यांची भिंत फुटून एक झालेला. कुंभारानं चाकावर घडवावेत आणि ओळीनं मांडावेत तसे. रांजणखळगे हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं नीट बघून ठेवलं आहे.

हे झाले कसे? आपल्याला जातं माहीत आहे, म्हणून समजायला सोपं जाईल. पुराच्या वेळी कुकडीचं पाणी जोरात येतं. खडकात कुठे बारीकसा खोलगा असला की पाणी तिथं भोवरा घेतं. त्या भोवऱ्यात एखादा टणक गोटा अडकतो. बाहेर पडता येत नाही, म्हणून तो तिथेच गरगर फिरतो. पाणी खुंट्यासारखं गोट्याला फिरवतं आणि गोटा खडकाला दळतो. दळून तो गोटा झिजून संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. असं एक पावसाळा नाही, हजारो पावसाळे. आजही काही रांजणांच्या तळाशी ते गोल गोटे दिसतात. दळण अजून चालूच आहे. आणि खळगे वाढत वाढत एकमेकांना मिळाले, की त्यांचीच घळ होते. म्हणजे ही दरी नदीनं एकेक रांजण कोरून कापली आहे.

आता सासूबाईंचा प्रश्न. आपल्या वावरात दगड आहेत, मग तिकडे कशाला?

मैत्रिणींनो, आपल्या विहिरीखाली काय आहे ते आपल्याला दिसत नाही. निघोजला ते उघडं पडलेलं आहे. आपला सगळा महाराष्ट्र देश ज्या काळ्या खडकावर बसला आहे, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर आलेल्या लाव्ह्याचा आहे. लाव्हा एकदा आला, थिजला. मग परत आला, त्यावर थिजला. पोळीवर पोळी रचावी तसे थर. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट असतो आणि वरच्या भागात बुडबुड्यांची भोकं असतात. ती भोकं पुढे पांढऱ्या-गुलाबी स्फटिकांनी भरतात. आपण त्यांना गारगोट्या म्हणतो. सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, तिथं त्या काचेच्या कपाटात मांडल्या आहेत.

विहीर खोदणारे याला त्यांच्या भाषेत ओळखतात. मुरूम लागला, मांजऱ्या लागला, की त्यांचे चेहरे फुलतात. कारण भेगा आणि सच्छिद्र खडक यांतच पाणी धरतं. पक्का काळा पाषाण लागला की गडी म्हणतो, आता नुसता सुरुंगाचा खर्च. निघोजला दरीच्या काठावर बसून हे थर, या भेगा, हे घट्ट आणि हे ठिसूळ, असं सगळं डोळ्यांनी दिसतं. आमचे हे बराच वेळ गप्प बसून बघत होते. मग म्हणाले, ‘आपली विहीर फेब्रुवारीत का बसते ते आज कळलं. भेगेत जेवढं मावलं तेवढंच आपलं.’

हे कळल्यावर पुढचं आपोआप कळतं. घट्ट खडकाच्या मुलखात जास्त खोल जाऊन उपयोग नसतो. पाऊस पडतो तेव्हा तो अडवून भेगांत मुरवला, तरच विहिरीला येतो. याच पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी आणि नगरजवळचं हिवरे बाजार ही गावं त्यावरच उभी राहिली. समतल चर, बांध आणि झाडं, म्हणजे पाण्याला थांबायला लावायचं. धावणारं पाणी काय करतं, ते कुंडात दिसतंच. ते खडकसुद्धा कापून निघून जातं.

देवळापाशी नारळ-फुलं विकणाऱ्या एका बाईंशी बोलत बसले. वयानं माझ्यापेक्षा मोठ्या. म्हटलं, ‘ताई, तुमचं नशीब, रोज हे बघायला मिळतं.’ त्या म्हणाल्या, ‘रोज बघते पण कधी खाली वाकून बघितलं न्हाई. गिऱ्हाईक सोडून कोण उठणार?’ आणि मग म्हणाल्या, ‘पाणी आमच्या उशाला वाहतं, पण वस्तीवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो.’ कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव ही धरणं आहेत. येडगावातून निघणारा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातो. कालव्याखाली ऊस दिसतो आणि कालव्याच्या वर नुसता माळ. पाणी शेजारून जाणं वेगळं आणि घरी येणं वेगळं. मी त्यांना म्हटलं, ‘मी दुकानाशी बसते, तुम्ही या बघून.’ त्या हसल्या, नको म्हणाल्या, आणि मग गेल्या. परत आल्या तेव्हा हसत नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, ‘लईच खोल हाय की.’ ती सावडच झाली म्हणायची, दहा मिनिटांची.

अमेरिकेत अरिझोना नावाच्या राज्यात ग्रँड कॅनियन नावाची दरी आहे. साडेचारशे किलोमीटरच्या आसपास लांब आणि दीड किलोमीटरहून खोल. जगभरातून माणसं ती बघायला जातात. कितीतरी जोडपी मोटारसायकलीवरून त्या वाळवंटी मुलखात हिंडतात. तिथंही गोष्ट आपल्यासारखीच आहे. वाळवंटात पाऊस नाही, पण कोलोरॅडो नदी लांबच्या बर्फाच्या डोंगरांतून पाणी आणते आणि कोरड्या मुलखाला कापत जाते. खडक मात्र वेगळा, तिथं वाळूचे आणि चुनखडीचे तांबडे थर, आपल्याकडे काळा लाव्हा. त्यांची दरी फार मोठी आणि आपली लहान, हे खरंच. पण तिकडे जायला विमान लागतं आणि इकडे पाच लिटर पेट्रोल.

तो खर्चही सांगते, कारण तुम्ही विचारणारच. जाऊन-येऊन आमचे पावणेतीनशे किलोमीटर झाले असतील. पेट्रोल सहाशे रुपयांच्या आत. भाकरी घरची. रात्री आळेफाट्याजवळच्या एका गावात मावसबहिणीकडे राहिलो, तिच्यासाठी शेतातला लसूण नेला होता. चहा, नारळ, देवीची ओटी धरून सगळं हजाराच्या आतबाहेर.

आता सावधगिरी. हे कुंड देखणं आहे तसंच ते जीवही घेतं. इथं बुडून माणसं गेली आहेत. खडक घोटलेला आहे, ओला असला की पाय ठरत नाही. खळग्यात पाणी किती खोल आहे ते वरून कळत नाही, आणि गुळगुळीत भिंतीला धरायला काही नसतं, म्हणून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. पावसाळ्यात जाऊ नका. धरणातून पाणी सोडलेलं असेल तेव्हा काठाला जाऊ नका. पोरं बरोबर असतील तर त्यांचा हात सोडू नका. फोटोसाठी कडेला उभं राहायचं नाही.

आमच्या इगतपुरीकडच्या मैत्रिणींना निघोज लांब पडेल. त्यांनी घोटीवरून बारी, भंडारदरा करत साम्रदला जावं. तिथं सांदण दरी आहे. डोंगराला पडलेली अरुंद भेग, दोन्ही बाजूंना दोनशे-तीनशे फुटांच्या भिंती, आणि काही ठिकाणी ऊन तळाला पोचतच नाही. वाट दगडाधोंड्यांची आहे, सुरुवातीला पाण्यातून जावं लागतं, म्हणून गावातला वाटाड्या घ्यावा. त्यानं गावाला चार पैसेही मिळतात. पण पावसाळ्यात तिथंही मुळीच जाऊ नये. वर पाऊस झाला की दरीत क्षणात लोंढा येतो.

काही जणी म्हणतील, आमचे मालक नाही नेणार. काही जणींना मालकच नाहीत. त्यांनी का थांबावं? गटातल्या दोघींनी स्कूटीवरून जावं. आमच्या गटातल्या दोघी आता शिकाऊ परवाना काढताहेत. सुरुवात निघोजपासूनच करायला हवी असंही नाही. पंधरा-वीस किलोमीटरवर असलेलं, नेहमी लांबून दिसणारं, कधी न पाहिलेलं काहीतरी प्रत्येकीच्या गावाजवळ आहे. एखादी घळ, एखादी बारव, एखादा डोंगर.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, ‘मग, कसे हायेत दगड?’ मी त्यांना थर, भेगा, भोवरा, गोटा असं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हंजे पाण्याचं जातंच की.’ मला वाटतं, त्यांची पाळी लावायला हवी. मोटारसायकलीवर नाही, पण एसटीनं जमेल.

तेव्हा मैत्रिणींनो, माझं सांगणं एवढंच आहे. पुढच्या बैठकीत हप्ते झाले की वहीचं एक पान कोरं काढा. वर लिहा, फिरण्याची सावड. खाली आपापली नावं आणि प्रत्येकीला कोणते दोन दिवस हवेत ते लिहा. मग जिची पाळी असेल तिला कशाला जातेस असं विचारू नका. तिची गाय बांधायची कुठे आणि चारा कुठे ठेवलाय, एवढं विचारा. आल्यावर तिनं काय पाहिलं ते सगळ्यांनी बसून ऐका.

आमच्या वहीत पुढचं नाव शेजारणीचं आहे. फाल्गुनात तिच्या दोन म्हशी माझ्याकडे आहेत. एक लाथ मारते असं तिनं आधीच सांगून ठेवलं आहे.